एकसष्ट सालची बेरीज

ब्रिगेडियर विठोजी इंगवले यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट होतं आणि हातात त्यांचा चेंडू. दोन्ही गोष्टींचा खुलासा माझ्याकडे होता, पण तो ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत ते नव्हते.

तो खुलासा इथे करतो. मी बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्याचं मासिक काढत असे. मासिक म्हणजे निवृत्त होणाऱ्यांचे फोटो, सुरक्षा सप्ताहाच्या निबंधस्पर्धेचा निकाल आणि मागच्या अंकातल्या चुकांची दुरुस्ती. एवढ्या अनुभवावर आमच्या जनरल मॅनेजरांनी मला एके दिवशी केबिनमध्ये बोलावलं.

"पाटणकर, मी सभासद आहे त्या नेरळे हिल गोल्फ क्लबात यंदा राष्ट्रीय हौशी स्पर्धा आहे. आमच्याकडची ही चौथी खेप. सत्तावन्न, एकसष्ट, चौऱ्याहत्तर आणि आता पंचाण्णव. स्मरणिकेत या सगळ्याचा इतिहास यायला हवा. पंधरा पानं. तीन आठवडे तुम्ही तिकडे."

मला गोल्फमधलं काही कळत नाही, असं मी म्हणून पाहिलं.

"इतिहास लिहायचाय, खेळायचं नाहीये. फक्त एक लक्षात ठेवा. क्लबचे अध्यक्ष ब्रिगेडियर इंगवले, एकसष्टचे विजेते तेच. चूक त्यांना सहन होत नाही. मागच्या स्मरणिकेत त्यांच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं."

"मग त्या लिहिणाऱ्याचं काय झालं?"

जनरल मॅनेजरांनी आठवून पाहिलं. "बऱ्याच दिवसांत दिसला नाही तो," ते म्हणाले.

ही बातमी संध्याकाळी शेजारच्या महांतेश अण्णांना कळली. अण्णा मूळचे अथणीचे, नोकरी वीज मंडळात, त्यामुळे अपघाती मृत्यू या विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा. घरात पंखा लावला तरी ते आधी तारा बघतात.

"गोल्फचा चेंडू म्हणजे काय समजलात, सर? दगड आहे. वरून पांढरा रंग दिलेला. कानशिलाला लागला की विषय संपला. करंटचं कसं, आधी स्वल्प झिणझिण्या तरी येतात. चेंडू काही सांगून येत नाही. हेल्मेट घाला तुम्ही."

"हेल्मेट घालून जाणार असाल," माझी बायको हेमलता म्हणाली, "तर तिथे माझ्या माहेरचं आडनाव सांगू नका."

तरी मी घातलं. पहिल्या दिवशी फाटकातून ऑफिसकडे जाताना वाट चुकलो आणि सातव्या होलच्या गवतावर आलो. मागून कुणीतरी ओरडलं, आणि पाठोपाठ माझ्या डोक्यावर असा आवाज झाला की देवळातली घंटा समजून आपल्यालाच बडवलं असं वाटावं. भानावर आलो तेव्हा चेंडू पायाशी पडला होता. पडलेली वस्तू ज्याची त्याला नेऊन द्यावी हा आमच्या घरातला संस्कार. मी चेंडू उचलला, रुमालाने पुसला आणि दोनशे पावलं चालत जाऊन, पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ काठी घेऊन उभे होते, त्यांच्या हातात दिला.

"हा कुठे होता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तिकडे, सर. त्या झाडाजवळ."

"मग इथे कसा आला?"

मी हातातला रुमाल दाखवला. त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं.

"मराठी का?" ते मराठीत म्हणाले.

"हो सर."

"वाईट वाटलं," असं म्हणून ते पाठमोरे झाले. ते ब्रिगेडियर इंगवले होते, हे मला ऑफिसात गेल्यावर कळलं.

ऑफिसात टाइपरायटरपाशी शिवलीला नावाच्या बाई असत. विजापूरच्या. स्वभावाने कडक, पण इतिहासाबद्दल त्यांना सहानुभूती होती. त्यांनी कपाट उघडून दिलं. सत्तावन्न सालचं दफ्तर वाळवीने खाल्लेलं होतं. चौऱ्याहत्तरचं शाबूत होतं, पण त्यातली बहुतेक पानं चहाबरोबर काकडीचं सँडविच द्यावं की कांद्याची भजी, या वादात खर्ची पडली होती. आणि एकसष्टचं दफ्तर म्हणजे फक्त एक कार्ड, तेही कपाटात नव्हतं. दिवाणखान्याबाहेरच्या बोळात विजेत्यांचा मोठा लाकडी बोर्ड होता. त्यावर सोनेरी अक्षरांत 'मेजर व्ही. इंगवले', आणि खाली काचेच्या चौकटीत त्यांच्या शेवटच्या फेरीचं कार्ड.

ज्यांना माझ्याइतकंच गोल्फ कळतं त्यांच्यासाठी सांगतो. स्पर्धा चार दिवस, रोज अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे. सगळ्यात कमी फटक्यांत जो संपवील तो जिंकला. दोघे दोघे जोडीने खेळतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे फटके कार्डावर लिहितो. शेवटी बेरीज क्लबची समिती करते. एकसष्ट साली इंगवले एका फटक्याने जिंकले होते. दुसरे आले विश्वेश्वर देसाई, आणि इंगवल्यांचं कार्डही त्यांनीच लिहिलं होतं, कारण शेवटच्या दिवशी हे दोघे जोडीने खेळले.

मी कार्ड उतरवून घेऊ लागलो. वीस वर्षं मुद्रितं तपासल्यामुळे मला एक खोड लागली आहे. आकडे दिसले की मी ते मिळवतो. बसचं तिकीट, डॉक्टरांचा नंबर, काहीही. पहिले नऊ होल, छत्तीस. बरोबर. पुढचे नऊ: चार, पाच, तीन, चार, चार, पाच, तीन, चार, चार. खाली लिहिलं होतं पस्तीस.

माझे आले छत्तीस.

मी पुन्हा मिळवले. मग खालून वर मिळवले. बोळात कुणी येत नाही ना, हे बघून बोटांवर मिळवले. छत्तीस. म्हणजे ती फेरी एकाहत्तरची नव्हती, बहात्तरची होती. म्हणजे इंगवले एका फटक्याने जिंकले नव्हते, दोघांची बरोबरी झाली होती. आणि बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी दोघांनी पुन्हा खेळून निकाल लावायचा, असा तेव्हाचा नियम होता. ती फेरी कुणी खेळलीच नव्हती. मी वही मिटली.

घरी हेमलताने मटार सोलता सोलता बेरीज केली. महांतेश अण्णांनी कॅल्क्युलेटर आणला. छत्तीसच.

"आपण काही बघितलं नाही," अण्णा म्हणाले. "सरी? ठरलं ना? तुम्ही बघितलं नाही, मी बघितलं नाही." त्या दिवसापासून जिन्यात भेटले की ते माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलू लागले.

मी पुढचे तीन दिवस नीट जेवलो नाही. इतिहासात खोटं लिहायचं तर मन खाणार, खरं लिहायचं तर ब्रिगेडियर. चौतीस वर्षं ज्या माणसाला सगळं शहर विजेता म्हणतं, त्याला जाऊन 'सर, हातचा एक राहिला' असं कोण सांगणार? बोळात त्यांच्या बुटांचा आवाज आला की मी कपाटात डोकं घालून वाळवीची पाहणी करू लागे.

"त्या देसायांना माहीत आहे का हे?" हेमलताने विचारलं. मला हे सुचलं नव्हतं.

शिवलीलाबाईंनी जुन्या यादीतून पत्ता काढून दिला, आणि मी शिवाजीनगरहून देवनहळ्ळीची बस धरली. देसाई म्हणजे किल्ल्यामागच्या एका कौलारू घरात राहणारे सडपातळ, अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ निघाले. धारवाडकडचे. भूमापन खात्यात नोकरी केलेली. क्लबची जमीन मोजायला म्हणून गेले होते, तिथे खेळायला लागले. मोजणी पंधरा दिवसांत संपली, खेळ नऊ वर्षं चालला. आता दारात पपनसाची झाडं होती, आणि भिंतीला टेकवलेली गोल्फची एक जुनी काठी. गळून पडलेली कोवळी पपनसं ते रोज तिने कुंपणापर्यंत मारत.

मी कार्डाचं नाव काढायला तासभर घेतला. शेवटी धीर करून म्हणालो, "त्या दुसऱ्या नवांची बेरीज..."

"छत्तीस आहे," देसाई म्हणाले.

ते पपनस सोलत होते. हात थांबला नाही.

"आकडे मीच लिहिलेत, ते बरोबर आहेत. बेरीज समितीने केली. त्यांनी फळ्यावर लिहिली तेव्हाच मला दिसलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

फोडीवरचं पांढरं साल ते बराच वेळ काढत बसले. "पाटणकर, बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा होल. आम्ही दोघंच, आणि बघायला सगळा क्लब. शेवटच्या तीन होलांवर मला चेंडू दोन-दोन दिसत होते. कुठला मारायचा कळत नव्हतं. पायांत बर्फ झालं होतं. आणि फळ्यावर मी एकाने हरलो असं दिसलं, तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. घरी गेलो आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. लाज वाटली, पण ती नंतर. तोवर बोर्ड रंगवून झाला होता."

"पुन्हा कधी गेला नाहीत क्लबात?"

"विठोजी समोर आला असता तर माझ्या तोंडावर दिसलं असतं. त्याला काही माहीत नाही हो. त्याला सांगू नका. केवढा अभिमान आहे त्याला त्या गोष्टीचा."

परत येताना बसमध्ये मला प्रथमच हलकं वाटत होतं. ज्याच्यावर अन्याय झाला तोच गप्प राहा म्हणतोय, मग मी कोण? तरीही मनाच्या समाधानासाठी मी अकरावं पान एकदा खरं खरं लिहून काढलं. मग ते बाजूला ठेवलं आणि दुसरं गुळगुळीत पान लिहिलं, ज्यात इंगवले 'अटीतटीच्या झुंजीत' जिंकत होते. आणि सगळे कागद शिवलीलाबाईंकडे टाइप करायला दिले. सगळे म्हणजे सगळे. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

"अकरावं पान दोनदा होतं, सर," बाई म्हणाल्या. "त्यातलं चांगलं होतं ते टाइप केलं. दुसऱ्यात काही दम नव्हता. एक प्रत अध्यक्षांकडे पाठवली. त्यांनी तुम्हाला बोलावलंय."

माणसाला नोकरी जाण्याची भीती वाटते तेव्हा तो घरदार, मुलांची शिक्षणं वगैरेंचा विचार करतो असं मी वाचलं होतं. मी मात्र बोळातून चालताना एवढाच विचार करत होतो की, त्यांच्या खोलीला मागचं दार आहे की नाही. नव्हतं.

ब्रिगेडियर खिडकीपाशी उभे होते. माझं अकरावं पान त्यांच्या हातात होतं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"बायकोला, सर. आणि शेजाऱ्यांना. ते वीज मंडळात असतात." हा तपशील मी का दिला ते मला आजही सांगता येणार नाही.

"देसाईला सांगितलंत?"

"त्यांना आधीच माहीत होतं."

"केव्हापासून?"

"त्याच संध्याकाळपासून, सर."

ब्रिगेडियर खुर्चीवर बसले. आत्तापर्यंत मी त्यांना बसलेलं पाहिलंच नव्हतं. बसल्यावर ते एकदम सत्तर वर्षांचे दिसू लागले.

"मला त्रेसष्ट साली कळलं," ते म्हणाले. "क्लबाने कार्ड चौकटीत घालायला दिलं होतं, तेव्हा. दोन लढाया पाहिल्या मी, पाटणकर. पण देसाईचं नाव कुणी काढलं की मला घाम फुटायचा. वाटायचं, एक दिवस तो येणार, सगळ्यांसमोर उभा राहणार आणि म्हणणार, बेरीज करा. स्मरणिकेत चुका नकोत म्हणून मी एवढा आरडाओरडा का करतो, माहीत आहे? लोक घाबरून मी सांगतो तेवढंच छापतात. कुणी जुनं काही तपासत नाही." त्यांनी पान टेबलावर ठेवलं. "तो का नाही आला?"

"घाबरले होते, सर. दुसऱ्या दिवशीच्या खेळाला."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी भिंतीकडे सरकलो. मग मी नियमांच्या पुस्तकात वाचलेलं पुटपुटलो: खेळाडूची जबाबदारी प्रत्येक होलच्या आकड्याची, बेरीज ही समितीची. चूक समितीची होती. या दोघांपैकी कुणाचीच नव्हती.

"हे तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंत," ब्रिगेडियर म्हणाले, आणि हे माझ्यावर रागावून म्हणाले. मग उठले. "चला. देवनहळ्ळीला."

त्यांच्या मोटारीत मी मागे बसलो. दर दोन मैलांनी मला वाटे की आता गाडी थांबवून मला उतरवणार. देसाई अंगणात काठी घेऊन उभे होते. फाटकात कोण आलंय हे दिसल्यावर त्यांनी काठी हळूच पाठीमागे लपवली.

"विश्वेश्वर," ब्रिगेडियर म्हणाले.

"विठोजी."

"बारीक झालास."

"तू झाला नाहीस."

ब्रिगेडियर फाटक लोटून आत आले. मग ब्रिगेडियर म्हणाले, "राहिलेली फेरी खेळायची का?" देसायांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं. शेवटी विचारलं, "बघायला कोण असेल?"

"कुणी नाही. हा पाटणकर. तो मोजायला."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी खेळ झाला. ब्रिगेडियरांच्या गुडघ्यामुळे अठराऐवजी नऊ होल ठरले. प्रेक्षक नव्हतेच म्हणायचे. शिवलीलाबाई काही कारण काढून आल्या होत्या. महांतेश अण्णाही आले होते, पण ते एका जांभळीच्या बुंध्यामागे, माझं हेल्मेट घालून उभे होते. माझ्या हातात पेन्सिल आणि कार्ड. प्रत्येक होलनंतर मी आकडा मोठ्याने म्हणे आणि दोघांकडून कबूल करून घेई. देसायांचे पहिले दोन चेंडू झाडीत गेले. तिसऱ्या होलपासून ते सावरले. पपनसांनी त्यांचा हात जिवंत ठेवला होता. आठ होल झाले तेव्हा दोघांचे एकेचाळीस.

नवव्यावर ब्रिगेडियरांनी पाच घेतले. देसायांचे तीन झाले होते आणि चेंडू होलपासून दोन फुटांवर होता. तो गेला की जिंकले. देसाई काठी घेऊन उभे राहिले. मी बघत होतो. एवढंसं अंतर, पण ते काठी पुढे नेत आणि पुन्हा मागे घेत. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता.

"राहू दे, विश्वेश्वर," ब्रिगेडियर मऊ आवाजात म्हणाले. "गेला असं धर. दिला तुला."

नियमांचं पुस्तक मला आठवलं. मी ते पुस्तक तीनदा वाचलं होतं.

"देता येत नाही, सर," मी म्हणालो.

ब्रिगेडियर माझ्याकडे वळले. "काय म्हणालात?"

"या प्रकारच्या खेळात नाही देता येत. चेंडू होलात जावाच लागतो. नाहीतर... नाहीतर बेरीज लागत नाही, सर."

मी कार्ड छातीशी धरलं. जांभळीमागून अण्णांनी मला गप्प बसायची खूण केली. ब्रिगेडियरांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "मार, विश्वेश्वर. घाई नाही."

देसाई म्हणाले, "मला परत दोन दिसतायत."

"मलाही दोन दिसतायत," ब्रिगेडियर म्हणाले. "डावीकडचा मार."

देसायांनी मारला. चेंडू कडेपर्यंत गेला, कडेवरून अर्धा फिरला, थांबल्यासारखा झाला आणि आत पडला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी खाली बसून बेरीज केली, मग कार्ड दोघांना दिलं, दोघांनी चष्मे लावून स्वतंत्र केली, आणि शिवलीलाबाईंनी न मागता चौथ्यांदा केली. देसाई पंचेचाळीस, इंगवले सेहेचाळीस. "हेच छापा," ब्रिगेडियर मला म्हणाले.

त्याच दुपारी तीन वाजता समितीची सभा होती. छापायला जाण्याआधी इतिहास मोठ्याने वाचून मंजूर व्हायचा होता. समितीचे सात सभासद रांगेत बसले होते. सकाळचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. टेबलाच्या टोकाला वेताच्या मोठ्या खुर्चीत ब्रिगेडियर, शेजारी पाहुणे म्हणून देसाई. मी वाचायला सुरुवात केली. दहा पानं सुरळीत गेली. अकरावं पान काढलं आणि ब्रिगेडियरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. समितीनेही ते पाहिलं, आणि हे त्यांच्या रागाचं लक्षण असावं असं समजून सगळे ताठ झाले.

मी वाचलं. बेरीज, बरोबरी, राहिलेली फेरी, तिचा निकाल. "सबब, सन एकसष्टचे विजेते श्री. विश्वेश्वर देसाई." कुणाचा तरी कप बशीवर आदळला. सात जणांनी एकदम अध्यक्षांकडे पाहिलं. कुणी हललं नाही. आणि मग त्या शांततेत एक खोल, संथ, बिनघोर घोरण्याचा आवाज आला.

"उठवा त्यांना," खजिनदार कुजबुजले.

"तुम्ही उठवा," त्यांच्या शेजारचे कुजबुजले.

कुणी उठलं नाही. देसायांनी ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं, हळू वाचा. उरलेली पानं मी जवळजवळ ओठांतल्या ओठांत वाचली. ती कुणाला ऐकू गेली असतील असं वाटत नाही, पण शेवटी सातही जणांनी मंजुरीचे हात वर केले, कारण खाली ठेवले तर खुर्ची वाजेल अशी त्यांना भीती होती. मग ते एक एक करून उठले, बूट काढून हातात घेतले आणि पायमोज्यांवर चालत दाराबाहेर पडले.

मी तिथेच उभा राहिलो. मला जायला कुणी सांगितलं नव्हतं.